आईचं खातं

हल्ली आमच्या घरात रोज सकाळी साडेनऊला ‘स्टँड-अप’ असतो. उभं कुणीच राहत नाही, ती गोष्ट निराळी. मी त्या वेळी दुसऱ्या चहाला बसलेला असतो, सौ. भाजी निवडत असते, आई जपमाळ घेऊन खिडकीशी असते आणि जेवणाच्या टेबलावरचा टॅब टणाटणा वाजून बजावतो, की मीटिंग दहा मिनिटांत सुरू होतेय.

“कुणाची रे?” आई विचारते.

“तुझ्या नातवाची.”

“मग तो कुठंय?”

“हिंजवडीत.”

“मग हे आपल्याला कशाला सांगतंय?”

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर शोधण्यात माझा अख्खा आठवडा गेला, तेव्हा ते ऐकवल्याशिवाय मी आज तुम्हाला सोडणार नाही.

नव्या वस्तूंबद्दल माझं मत काय असतं, हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको. मायक्रोवेव्हवरचा लेख वाचून आमच्या शेजाऱ्यांनी मला अजून माफ केलेलं नाही. पण टॅब मी आणलेला नाही. तो चिरंजीव घेऊन आले. “आजीला फोनवरचं बारीक दिसत नाही बाबा, यावर मोठं दिसेल,” हा हेतू. हेतूत खोट काढायला जागा नाही. रविवारी सकाळी आला, मिसळ खाल्ली, टॅब खोक्यातून काढला, स्वतःच्या खात्याने चालू करून दिला आणि एक्सप्रेसवे तुंबायच्या आत निघून गेला. तासाभरात नवी वस्तू घरात नांदायला लागली, असा त्याचा समज.

टॅबची कुळकथा थोडक्यात सांगतो. आयपॅड अमेरिकेत विक्रीला आला एप्रिल २०१० मध्ये. ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्या सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅब वाजतगाजत आणला. तो आज कुणाच्या घरात चालू असेल तर मला दाखवा. २०१२ मध्ये अँड्रॉइडच्या टॅबवर एकाहून जास्त माणसांची वेगवेगळी दालनं ठेवायची सोय झाली. म्हणजे आजीचं वेगळं, नातवाचं वेगळं. ही सोय बऱ्याच टॅबवर असते, पण सेटिंगच्या पोटात इतकी खोल, की मुद्दाम खणल्याशिवाय हाताला लागत नाही. टॅब पहिल्यांदा चालू केला की वर येतो तो एकच प्रश्न: तुम्ही कोण?

आता मला सांगा, घरातली दुसरी कुठली वस्तू असं विचारते? पेपर येतो, त्याचं पहिलं पान माझं, शब्दकोडं सौ.चं, राशिभविष्य आईचं. पेपरवाल्याने कधी मालकाचं नाव विचारलं नाही. फ्रिज कुणीही उघडतो. टीव्हीचा रिमोट ज्याच्या हाती त्याचं राज्य. टॅबला मात्र मालक लागतो, तोही एकच, आणि आमच्या टॅबचे मालक पडले चिरंजीव. त्यामुळे त्याच्या ऑफिसचं वेळापत्रक आमच्या टेबलावर वाजतं. त्याच्या मित्रांचे फोन नंबर आमच्याकडे आले. सौ.ने टॅबवर काढलेला अळूवडीचा फोटो ताबडतोब त्याच्या फोनवर गेला, यावर सौ. खूश झाली, कारण तेवढ्यावरून तरी तो शनिवारी येईल, असं तिला वाटलं. (आला नाही. शनिवारी लोणावळ्याला येणं म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.)

खरी गंमत उलट्या दिशेने झाली. आई दुपारी टॅबवर जे बघते, त्याची नोंद खात्यात होते आणि खातं तर नातवाचं. बुधवारी त्याच्या ऑफिसात मोठ्या पडद्यावर काहीतरी दाखवायचं होतं. त्याने लॅपटॉपवर व्हिडिओचं अ‍ॅप उघडलं, तर सगळ्यांसमोर ओळीने: एकवीरा आईचा जागर, वारकरी कीर्तन, गुडघेदुखीवर एरंडेल, गुडघ्याची वाटी बदलावी का, ऐंशीनंतर ऑपरेशन झेपतं का. मीटिंग संपल्यावर त्याच्या वरिष्ठांनी बाजूला घेऊन आपुलकीने चौकशी केली, म्हणे, एवढ्या लहान वयात?

संध्याकाळी त्याचा फोन आला. माझ्याशी न बोलता थेट आजीशी. “आजी, गुडघा फार दुखतोय का गं?”

आईने फोन ठेवला आणि पहिल्यांदा टॅबकडे, मग माझ्याकडे पाहिलं. “माझा गुडघा मी कुणालाही सांगितला नव्हता,” ती म्हणाली. गुडघा दुखतो हे घरात सगळ्यांना दिसत होतं. ऑपरेशनचा विचार तिच्या मनात चाललाय, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांची वेळ घ्यायचं त्याच रात्री ठरलं, त्याबद्दल टॅबचे आभार. पण आईचं म्हणणंही सोडून देण्यासारखं नव्हतं. जी गोष्ट तिने सुनेला सांगितली नाही, ती हिंजवडीत भिंतीवर दिसली. “मला माझं वेगळं काढून दे,” तिने हुकूम सोडला. हे वाक्य आमच्या घराण्यात यापूर्वी फक्त जमिनीच्या वाटण्यांत वापरलं गेलं आहे.

तर गुरुवारी दुपारी, बाहेर धो धो पाऊस चालू असताना, आईचं खातं उघडायला आम्ही बसलो.

पहिलं नाव आणि आडनाव. आई म्हणाली, “मधलं?” मी म्हटलं, मधलं नाव विचारत नाहीत. “म्हणजे वडिलांचंही नको आणि ह्यांचंही नको? बरंय की!” एवढ्या सहजपणे साठ वर्षांचा हिशेब मिटलेला मी पाहिला नव्हता.

मग जन्मतारीख. वर्षाच्या रकान्यात चालू साल होतं आणि तिथून बोटाने सरकवत सरकवत मागे जायचं. आई शेजारी बसून बघत होती. २००२ आलं. “हायवे झाला,” ती म्हणाली. आमच्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी एक्सप्रेसवे हा अजून ‘नवा हायवे’च आहे. १९७२ आलं. “दुष्काळ. रेशनचा मिलो खाल्ला आपण, तू पाळण्यात होतास.” १९६७. “भूकंप. पहाटे मांडणीवरची भांडी खाली आली. तुझ्या दादाला घेऊन अंगणात पळाले.” कोयनेच्या भूकंपाने आमची मांडणी हलली होती, हे मला पहिल्यांदाच कळलं. १९६१. “पानशेत फुटलं. मामा नारायण पेठेत राहायचा. अंगावरच्या कपड्यांनिशी वडगावला आला.” बोट दुखायला लागलं, पण मी मुद्दाम हळूहळू सरकवत होतो. शेवटी १९४३ वर थांबलो. “गांधीजींच्या ‘चले जाव’च्या पुढच्या पावसातला माझा जन्म. नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा.”

तिचं आधार कार्ड काढून पाहिलं. १ जून १९४३. नागपंचमी त्या साली ऑगस्टात. म्हणजे सरकारदरबारी आमच्या आईचा जन्म तिच्या जन्माच्या दोन महिने आधीच झाला आहे.

हा १ जून महाराष्ट्रातल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. शाळेत नाव घालायला बाप पोराला घेऊन जायचा, मास्तर जन्मतारीख विचारायचे, बाप म्हणायचा भाताच्या लावणीच्या वेळची किंवा बैल मेला त्या सालची, आणि मास्तर, शाळा जूनमध्ये सुरू होते, वय भरायला हवं, एवढा विचार करून पटावर १ जून टाकायचे. मावळातल्या कुठल्याही जुन्या शाळेचा पट काढा. अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी निघेल. तीच तारीख दाखल्यावर, दाखल्यावरून नोकरीत, नोकरीवरून पेन्शनीत, आणि तिथून आधारवर. आमच्या पिढीत काही जणांना दोन वाढदिवस आहेत; एक घरचा, एक बँकेचा.

विषय निघालाच आहे तर सांगतो, १ जून ही तारीख काही साधी नाही. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली. आमच्या घाटातून सकाळ-संध्याकाळ जाणाऱ्या या राणीचा वाढदिवस पुणे स्टेशनवर दरवर्षी केक कापून साजरा होतो, इंजिनाला हार पडतात. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. त्या दिवशी एसटीवाले डेपोत रांगोळ्या काढतात. आणि त्याच दिवशी महाराष्ट्रभर कागदोपत्री वाढदिवस असणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मात्र बँकेच्या एका एसएमएसवर समाधान मानावं लागतं. माझी एक मागणी आहे. पुढच्या १ जूनला स्टेशनवर केक कापाल तेव्हा त्यातला एक तुकडा पलीकडच्या बाकावर बसलेल्या आजोबांना द्या. त्यांना विचारूही नका. शक्यता अशी आहे की तोही त्यांचाच केक असेल.

मी आईला म्हटलं, पंचांग बघून खरी तारीख टाकूया का? ती म्हणाली, “टाक की १ जूनच. खरं सांगितलं तर तेही कुणाला तरी कळवेल.” गुडघ्याचा राग अजून उतरलेला नव्हता.

पासवर्डच्या वेळी तिने ‘एकवीरा’ सुचवलं. सौ. म्हणाली, “अहो आई, कार्ल्याच्या पंचक्रोशीत निम्म्या लोकांचा तोच असेल.” मग त्या दोघींनी मला स्वयंपाकघरात चहा टाकायला पाठवलं आणि काहीतरी वेगळं ठरवलं. काय, ते मला सांगितलेलं नाही. पासवर्ड विसरला तर कुणाच्या नंबरवर कळवायचं, हा शेवटचा प्रश्न. मी चिरंजिवांचा नंबर टाकायला गेलो. “नको,” आई म्हणाली. मग माझा? “सुनेचा टाक.” मुलाचं नाव मागे पडलं, हे मी नोंदवून ठेवतो, तक्रार म्हणून नव्हे.

खातं उघडलं आणि पुढची अडचण आली. आईच्या बोटाला टॅब दाद देईना. ती बोट ठेवायची, पडदा ढिम्म. आम्हाला वाटलं, पडदा बिघडला. वस्तुस्थिती अशी, की या पडद्याला दाब कळत नाही. त्याच्या काचेखाली विजेचं बारीक जाळं असतं, आणि आपल्या कातडीतल्या ओलाव्यामुळे त्या जाळ्यातला भार जिथे बदलतो, तिथे ‘बोट लागलं’ असं त्याला समजतं. वयाने कोरडी पडलेली किंवा कामाने घट्टे पडलेली बोटं त्याला नीट कळत नाहीत. रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर ज्यांचा अंगठा उमटत नाही, तीच ही माणसं. आयुष्यभर ज्यांनी हाताने काम केलं, त्यांचेच हात यंत्राला पटत नाहीत. आई थोडा वेळ बघत राहिली. मग तिने उजव्या हाताचं बोट सवयीने जिभेला लावलं, जसं ती पोथीचं पान उलटताना लावते, आणि पडद्यावर ठेवलं. पान उलटलं. आता टॅबवर बोटांचे ठसे असतात आणि सौ. रोज रात्री ते गप्प पुसते.

पावसाळी लोणावळ्यात ओलाव्याची खरं तर कमी नाही. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. काडेपेटी पेटत नाही, पापड भाजल्याबरोबर मऊ पडतो, कपाटातल्या पुस्तकांना वास येतो. टॅबच्या नव्याकोऱ्या काळ्या कव्हरला शुक्रवारी मी हिरवट बुरशी पाहिली. दुकानदाराने एक वर्षाची वॉरंटी दिली आहे. त्यात बुरशी बसते का, हे मी विचारलेलं नाही. लाइट गेली, की टॅब चालू असतो पण राउटर मान टाकतो, म्हणजे असून नसल्यासारखाच. आणि शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसलेला प्रत्येक पाहुणा जेव्हा एकाच वेळी घरी व्हिडिओ पाठवत असतो, तेव्हा फोनवरून टॅबला नेट द्यायचाही प्रश्न उरत नाही. रस्ता त्यांचा, वडापाव त्यांचा, रेंजही त्यांचीच.

अशा पावसात परवा टाकव्याहून मेहुणे आले. आंदर मावळात त्यांची इंद्रायणी भाताची खाचरं आहेत. लावणी नुकतीच उरकली होती आणि ई-पीक पाहणी करायची राहिली होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पद्धत राज्यभर सुरू झाली. पूर्वी तलाठी भाऊसाहेब बांधावर येऊन, किंवा न येता, सातबाऱ्यावर पीक लिहायचे. आता शेतकऱ्याने स्वतः आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि अ‍ॅपवर नोंद करायची. फोनवर अक्षर बारीक, म्हणून त्यांना टॅब हवा होता. “दाजी, दोन दिवस द्या, परत आणून देतो.”

नेण्याआधी टॅबवर त्यांचा सातबारा पाहिला. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. मेहुण्यांनी तो आजवर हातात घेऊन घडी घातली होती, वाचला नव्हता. पडद्यावर दोन बोटांनी मोठा केला तसे एकेक मालक दिसायला लागले: काका, चुलतभाऊ, वारलेल्या आत्याची मुलं, आणि खालून तिसऱ्या ओळीत आमच्या सौ.चं माहेरचं नाव. मी तिच्याकडे पाहिलं. “हक्कसोड करून दिलं नव्हतं मी,” ती मेथीची जुडी सोडत म्हणाली. मेहुणे छताकडे बघू लागले. एका गटावर इतकी माणसं पिढ्यान्‌पिढ्या भांडत, नांदत, एकमेकांच्या लग्नाला जात राहिली आणि सातबाऱ्याने कधी तक्रार केली नाही. वीतभर लांबीच्या टॅबला मात्र एकच धनी लागतो.

दुसऱ्या दिवशी मेहुणे टॅब प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत घेऊन आले. “पिशवीतून काढला दाजी, आणि पाऊस पडला वर. मी हातही लावत नव्हतो, तर आपला आपणच पळायला लागला. भात लावायला गेलो, तर ऊस दाखवतोय.” पाण्याचे थेंबही त्या जाळ्याला बोटासारखेच वाटतात, त्याला कोण काय करणार. शिवाय आमचा टॅब बिनसिमचा, शिवारात त्याला नेट नाही. अखेर त्यांनी खिशातला जुना फोन काढून, तो टोपीखाली धरून, करंगळीने नोंद केली. करंगळीच का? “बाकीच्या बोटांना ओळखत नाही तो. करंगळीने काम केलंय कुठं, ती मऊ राहिली.”

चहा पिताना ते म्हणाले, इंद्रायणी आली तेव्हाही असंच झालं होतं. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली हा वाण बाहेर पडला. त्यांच्या वडिलांनी पहिल्या वर्षी एकाच खाचरात लावून पाहिला, बाकी शिवारात आपला जुना आंबेमोहर. पाणी किती मागतो, पडतो का, शिजल्यावर कसा लागतो, हे सगळं वर्षभर पाहिलं आणि मगच वाढवला. “तुम्ही एका रविवारात अख्खं घर त्याच्या नावावर केलंत,” ते म्हणाले. नाव त्यांनी घेतलं नाही, पण सौ. हसली.

हे वाक्य चिरंजिवांसाठी होतं, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी मी ते इथे उतरवतो आहे. हिंजवडीत, मुंबईत, अमेरिकेत असाल आणि आईवडिलांना टॅब पाठवणार असाल, तर कुरिअरने पाठवून वर व्हिडिओ कॉलवर शिकवू नका. एक दिवस काढून या. त्यांच्या नावाने खातं उघडा, तुमच्या नको. एकाच टॅबवर दोघं असतील, तर दोघांची दालनं वेगळी करा. नवराबायकोलाही एकमेकांचं सगळं ठाऊक असायची गरज नसते. अक्षरं मोठी करा, मराठी कीबोर्ड घाला, बोलून लिहायची सोय दाखवा. कळवायचा नंबर कुणाचा टाकायचा, हे त्यांना विचारा आणि उत्तराने दुखावून घेऊ नका. पासवर्ड त्यांनाच एखाद्या वहीत लिहू द्या आणि ती वही बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवू द्या. त्यांनी काय पाहिलं, हे कधी तुमच्या नजरेस पडलंच, तर लगेच फोन करून विचारू नका. गाडी काढा, घरी या, आणि चहा झाल्यावर विचारा.

आईची डॉक्टरांकडची वेळ मंगळवारची आहे. ती तिने स्वतःच, स्वतःच्या खात्यावर नोंदवून ठेवली आहे. पुढच्या आठवड्याचा लेख त्यामुळे एक दिवस उशिरा येईल, संपादकांनी सांभाळून घ्यावं.